डोळे मिटून वाट ओळखणारी गाडी : जडत्व मार्गदर्शन यंत्रणेची मांडणी

नागपूरहून आपल्याकडे येणारा रस्ता सावनेरला दुभंगतो. एक वाट पांढुर्णा, मुलताई करत बैतूलला जाते. तिचा क्रमांक राष्ट्रीय महामार्ग ४७. दुसरी सौंसर, रामाकोना करत सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याला पोचते. तिचा क्रमांक ५४७. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि पांढुर्णा व सौंसर हे आपले दोन्ही तालुके त्यात आले. संत्र्याच्या गाड्या, नागपूरच्या दवाखान्यात जाणारे रुग्ण, शिकायला व नोकरीला जाणारी मुले, लग्नाची वऱ्हाडे, सगळी याच दोन वाटांनी जातात. त्यामुळे हे रस्ते कुठे खचले, कुठे चाकोरी पडली, कोणते वळण गरजेपेक्षा आखूड आहे, हे नेमके मोजले जाणे हा आपल्या घरादाराचा प्रश्न आहे.

ही मोजणी आता माणसे पायी फिरून फारशी करत नाहीत. टपावर अँटेना, मागे लेसरची पट्टी आणि चारही बाजूंना कॅमेरे लावलेली गाडी वाहतुकीच्या वेगाने रस्त्यावरून जाते आणि रस्त्याची नाडी टिपत जाते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण अशा गाड्यांना नेटवर्क सर्व्हे व्हेइकल म्हणते. २०२५ साली प्राधिकरणाने २३ राज्यांतील सुमारे २०,९०० किलोमीटर महामार्गांची पाहणी या गाड्यांकडून करून घेण्याचे जाहीर केले. भेगा, खड्डे, चाकोऱ्या आणि खडबडीतपणा यांचे आकडे त्यातून येतात, आणि दुरुस्तीचा पैसा कोणत्या किलोमीटरला जाईल हे ठरवताना त्या आकड्यांचा आधार घेतला जातो.

परंतु खड्डा दिसला एवढे पुरत नाही; तो कुठे दिसला हेही तितकेच अचूक हवे. गाडीचा ठावठिकाणा चाळीस मीटर चुकला तर खड्डा एका ठिकाणी आणि डांबर दुसऱ्या ठिकाणी, असे होईल. हा ठावठिकाणा, आणि गाडी त्या क्षणी किती कलली होती व कोणत्या दिशेला तोंड करून होती हे सांगणारी, डब्याएवढी एक पेटी गाडीच्या आत असते. तिचे नाव जडत्व मार्गदर्शन यंत्रणा. ती गाडीवर कशी बसवतात आणि बसवताना कोणती काळजी घेतली नाही तर सगळी मोजणी वाया जाते, हा आजच्या पुष्पाचा विषय आहे.

पेटीच्या आत काय असते

एस.टी.त खिडकीचे पडदे ओढून, डोळे मिटून बसल्याची कल्पना करा. गाडी सुरू झाली की पाठ आसनाला दाबली जाते. ब्रेक लागला की आपण पुढे झुकतो. डावे वळण आले की उजवीकडे ढकलले जातो. गाडी सरळ रस्त्यावर एकाच वेगाने चालली असेल तर मात्र काहीच जाणवत नाही. आपल्या शरीराला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. या बदलाला शाळेच्या पुस्तकात त्वरण म्हणतात, आणि तो जाणवण्याचे कारण म्हणजे पदार्थाचे जडत्व.

आता असे समजा, की त्या डोळे मिटलेल्या प्रवाशाजवळ घड्याळ आहे आणि प्रत्येक धक्का किती जोराचा व किती वेळ होता हे तो वहीत लिहितो आहे. धक्क्यांची बेरीज केली की वेग मिळतो. वेगाची बेरीज केली की कापलेले अंतर मिळते. निघालो ते ठिकाण ठाऊक असेल, तर आता कुठे आहोत हे बाहेर न बघता सांगता येते. पेटीतील तीन त्वरणमापक हेच काम करतात : एक पुढे-मागे, एक डावीकडे-उजवीकडे, एक वर-खाली. त्यांच्या जोडीला तीन जायरोस्कोप असतात. गाडी कोणत्या अक्षाभोवती किती वेगाने वळली, कलली वा डोलली हे ते सांगतात. धक्का पुढून आला हे कळले तरी ‘पुढे’ म्हणजे उत्तर की पूर्व हे कळायला जायरोस्कोप लागतोच.

इतके सोपे असते तर उपग्रहांची गरजच पडली नसती. अडचण पासंगाची आहे. किराणा दुकानातील जुन्या तराजूची दोन्ही पारडी रिकामी असतानाही काटा जरासा एका बाजूला झुकलेला असायचा. दुकानदार तो पासंग खडा बांधून काढत असे. त्वरणमापकालाही असा पासंग असतो. गाडी उभी असताना तो शून्याऐवजी काहीतरी किरकोळ आकडा दाखवतो. समजा हा पासंग गुरुत्वाकर्षणाच्या केवळ एक हजारांश आहे. एका मिनिटात त्यातून साधारण १८ मीटरची चूक तयार होते. चूक वेळेच्या वर्गाने वाढत असल्यामुळे दहा मिनिटांत ती पावणेदोन किलोमीटरवर जाते. पांढुर्ण्याच्या बसस्थानकावर उभी असलेली गाडी यंत्राच्या हिशोबात शेजारच्या गावच्या वाटेला लागलेली असते!

कलण्याची चूक त्याहून वाईट. उभ्या गाडीतील त्वरणमापकालाही पृथ्वीचे आकर्षण जाणवत असते. पेटी किती कललेली आहे याचा हिशोब एका अंशाने जरी चुकला, तरी त्या आकर्षणाचा एक अंश आडव्या दिशेत झिरपतो आणि यंत्राला वाटते, गाडी पुढे ढकलली जाते आहे. नुसत्या एका मिनिटात ही चूक तीनशे मीटरपलीकडे जाते.

म्हणून रस्त्यावरच्या गाडीत ही पेटी एकटी काम करत नाही. तिच्या जोडीला उपग्रहांचा संकेत घेणारा ग्राहक असतो. दोघांची तुलना पेढीवरचा मुनीम आणि तपासनीस यांच्याशी करता येईल. मुनीम क्षणाक्षणाला नोंद करतो, सेकंदाला शंभर-दोनशे वेळा, पण त्याची चूक साचत जाते. तपासनीस सेकंदातून काही वेळाच येतो आणि अधूनमधून गैरहजरही राहतो, पण त्याची चूक साचत नाही. प्रत्येक भेटीत तो मुनिमाची वही दुरुस्त करतो आणि त्याच्या तराजूचा पासंग किती आहे याचाही अंदाज बांधतो. दोघांपैकी कोणावर किती भरवसा ठेवायचा याचे गणित रुडॉल्फ कॅलमन यांनी १९६० साली मांडले. ते आज जवळजवळ प्रत्येक मार्गदर्शक यंत्रात आहे.

थोडा इतिहास

फिरणारा भोवरा आपला अक्ष सोडत नाही, हे पोळ्याच्या दिवसांत भोवरे फिरवणाऱ्या मुलांनाही ठाऊक असते. या गुणाचा उपयोग करून फ्रान्सच्या लिऑन फूको यांनी १८५२ साली पृथ्वीचे फिरणे दाखवणारे उपकरण केले आणि त्याला जायरोस्कोप हे नाव दिले. पुढे जहाजांवर चुंबकाशिवाय उत्तर दाखवणारे होकायंत्र त्यातूनच आले. १९५३ साली अमेरिकेत चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांच्या चमूने टनाहून जड अशी यंत्रणा विमानात ठेवून पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंतचा प्रवास तिच्या मार्गदर्शनाने केला. ऑगस्ट १९५८ मध्ये नॉटिलस ही पाणबुडी उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून गेली. तिथे ना तारे दिसत होते, ना चुंबकी होकायंत्राचा भरवसा होता. जडत्वाचाच आधार होता.

आपल्या देशात तिरुअनंतपुरमला इस्रोचे आणि हैदराबादला रिसर्च सेंटर इमारतचे या विद्येवर काम आहे. पुण्यात घडवलेल्या पिनाक अग्निबाणाच्या वाहनालाही नळ्या रोखण्यापूर्वी आपण कुठे आहोत आणि उत्तर कुठे आहे हे कळावे लागते. टनाचे यंत्र आता नखाएवढ्या चकतीवर आले आहे. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही ते आहे. फोन आडवा धरला की चित्र आडवे होते ते त्यामुळेच. मात्र मोबाइलमधली चकती आणि सर्वेक्षणाच्या गाडीतली पेटी यांत पासंगाच्या दृष्टीने हजारो पटींचे अंतर असू शकते, आणि किमतीतही.

पहिले काम : पेटीची जागा

आता गाडीजवळ येऊ. पेटी गाडीत कुठेही ठेवून चालत नाही. आसनावर, गादीवर, पातळ पत्र्यावर किंवा सामानाच्या ढिल्या फळीवर ती कधीच बसवू नये. गतिरोधकावरून जाताना गाडीचा सांगाडा, टप आणि आसने वेगवेगळी हलतात. पेटी आसनाचे हलणे मोजील आणि आपण ते गाडीचे समजू. म्हणून कॅमेरे, लेसर आणि पेटी ही सगळी एकाच जाड, न वाकणाऱ्या चौकटीवर घट्ट बोल्ट करतात. इंजिनाची थरथर फार असेल तर खाली रबराच्या गुटक्या घालण्याचा मोह होतो. उत्पादकाने त्या पेटीसाठी दिलेल्या असतील तरच घालाव्यात, एरवी नाही.

ऊन हाही विचार करायचा मुद्दा आहे. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीचा टप हात ठेववत नाही इतका तापतो. तापमान बदलले की पासंग बदलतो. म्हणून पेटी सावलीत, हवा खेळती राहील अशा जागी ठेवतात आणि सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटे ‘स्थिर होऊ’ देऊन मगच कामाला लागतात.

पेटीवर बाण छापलेले असतात : हा अक्ष पुढचा, हा उजवीकडचा, हा खालचा. सगळ्यांत जास्त घोटाळे येथे होतात, कारण सर्व उत्पादकांची रीत एक नसते. काहींचा पहिला अक्ष पुढे आणि तिसरा खाली असतो; काहींचा पहिला उजवीकडे आणि तिसरा वर. जागेच्या अडचणीमुळे पेटी आडवी वा उलटी बसवली तरी चालते, पण ती कशी बसवली आहे हे यंत्राला अंशात सांगावे लागते. सांगितलेले बरोबर आहे का, याची परीक्षा सोपी आहे. गाडी चढावर उभी करावी. पडद्यावर नाक वर दिसले पाहिजे. डावीकडची चाके फळीवर चढवावीत. गाडी उजवीकडे कललेली दिसली पाहिजे. उजवे वळण घ्यावे. दिशेचा आकडा वाढला पाहिजे. या तीन परीक्षांना पाऊण तास लागतो. त्या टाळल्या तर पुढचे पंधरा दिवस वाया जाऊ शकतात.

दुसरे काम : टेप आणि ओळंबा

पेटी गाडीच्या पोटात असते, उपग्रहाची अँटेना टपावर. उपग्रह सांगतात ती जागा अँटेनाची. पेटीला हवी असते ती स्वतःची. दोहोंमधले अंतर पुढे-मागे किती, आडवे किती, उभे किती, असे तीन आकड्यांत मोजून यंत्राला द्यावे लागते. अँटेना पेटीपासून दीड मीटर उंच असेल आणि रस्त्याच्या बाकामुळे गाडी पाच अंश कलली, तर अँटेना १३ सेंटिमीटर बाजूला जाते. गाडी जागची हललेलीही नसते. यंत्राला ही उंची ठाऊक असेल तर ते हा भाग वजा करते. नसेल तर त्याला ती गाडीची चाल वाटते.

हे मोजताना गवंड्याची शिस्त कामी येते. गाडी सपाट, पक्क्या फरशीवर उभी करावी, चारही चाकांत सारखी हवा भरावी, टपावरून ओळंबा सोडून अँटेनाचा मध्य जमिनीवर खुणावा, पेटीचा मध्यही तसाच खुणावा आणि दोन खुणांमधले अंतर टेपने घ्यावे. दोन माणसांनी वेगवेगळे मोजावे आणि मग आकडे जुळवून पाहावेत. चुका बहुधा मिलिमीटरच्या नसतात, चिन्हाच्या असतात. अँटेना पेटीच्या ८० सेंटिमीटर पुढे असताना आकडा ‘मागे’ असा भरला गेला, तर चूक ८० ची नव्हे, १६० सेंटिमीटरची होते.

काही गाड्यांवर दोन अँटेना असतात. एकीकडून दुसरीकडे जाणारी रेघ कोणत्या दिशेला आहे ते उपग्रहांवरून काढता येते, आणि गाडी उभी असतानाही दिशा कळते. दोन अँटेना जितक्या लांब तितके बरे. त्या एक मीटरवर असतील तर एका सेंटिमीटरच्या चुकीने दिशा अर्ध्या अंशाहून जास्त बिघडते. दोन मीटरवर असतील तर चूक निम्मी होते. दिशेतला एक अंश एक किलोमीटर चालून गेल्यावर साडेसतरा मीटर बाजूला नेऊन ठेवतो, हे लक्षात घेतले की या लांबीचे महत्त्व कळते. चुंबकी होकायंत्राचा आधार मात्र गाडीत घेऊ नये. भोवती इतके लोखंड आणि तारांतून इतकी वीज वाहत असते की सुई तिथे गोंधळून जाते.

कॅमेरा आणि लेसर यांचेही असेच. ते पेटीच्या तुलनेत नेमके कोणत्या कोनात बसले आहेत हे शोधावे लागते. अर्ध्या अंशाची चूक २० मीटर दूरच्या खांबाला साडेसतरा सेंटिमीटर सरकवते. हा कोन हाताने मोजता येत नाही. एकाच चौकातून चारही दिशांनी गाडी नेतात आणि तोच खांब, तीच भिंतीची कड चारही फेऱ्यांत एकाच जागी येईपर्यंत कोनात दुरुस्ती करतात.

तिसरे काम : चाक आणि घड्याळ

मागच्या एका चाकाला फेऱ्या मोजणारे उपकरण लावतात. मागच्याच चाकाला, कारण पुढची चाके वळतात आणि त्यांची वाट वेगळी पडते. टायरचा घेर कागदावर छापलेला घेऊ नये. हवा, भार आणि झीज यांमुळे तो बदलतो, आणि एक टक्का फरक पडला तरी किलोमीटरला दहा मीटर चुकतात. म्हणून आधी नेमके मोजलेल्या एक किलोमीटर सरळ रस्त्यावर गाडी चालवून चाकाचा आकडा ठरवतात आणि हवा भरली की पुन्हा तपासतात.

सगळ्या उपकरणांचे घड्याळ एक हवे. ८० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. कॅमेऱ्याचे घड्याळ एक शतांश सेकंद मागे असले तर चित्र २२ सेंटिमीटर मागे पडते. म्हणून उपग्रहाच्या अचूक सेकंदाची ठोक प्रत्येक उपकरणाला तारेने पोचवतात.

चौथे काम : उत्तर शोधणे

मांडणी झाली. आता यंत्राला प्रारंभ द्यायचा. गाडी स्थिर उभी असताना ओळंब्याची दिशा, म्हणजे खाली कुठे आहे, हे त्वरणमापक काही सेकंदांत सांगतात. प्रश्न असतो उत्तरेचा. उत्तम प्रतीचे जायरोस्कोप ती उभ्या-उभ्या शोधतात. कशावरून? पृथ्वीच्या फिरण्यावरून. पृथ्वी तासाला सुमारे १५ अंश फिरते. आपला जिल्हा साडेएकवीस अंशांच्या थोडा वर अक्षांशावर आहे. तेथे या फिरण्याचा आडवा भाग तासाला सुमारे १४ अंश भरतो आणि त्याचा रोख उत्तरेकडे असतो. तासाला एक शतांश अंशाचाच पासंग असलेला जायरोस्कोप तो टिपून उत्तर सांगतो, अंशाच्या पंचविसाव्या हिश्श्याइतक्या अचूकतेने. मात्र या काळात गाडीत चढउतार, दार आपटणे, चहा घेऊन आत बसणे, सगळे बंद. तासाला दहा अंश पासंग असलेल्या स्वस्त जायरोस्कोपला मात्र पृथ्वीचे फिरणे आपल्याच दोषात हरवून जाते. त्याला उत्तर सापडत नाही.

अशा वेळी गाडी चालवून उत्तर शोधतात. सरळ मोकळ्या रस्त्यावर वीस किलोमीटरच्या वर वेग नेला की उपग्रहावरून गाडी कोणत्या दिशेने सरकते आहे ते कळते, आणि गाडी नाकाच्या दिशेनेच जाते असे धरून यंत्र आपली दिशा लावते. मग मोकळ्या मैदानावर किंवा निर्मनुष्य रस्त्यावर वेग वाढवणे, ब्रेक लावणे, डावी-उजवी वळणे, इंग्रजी आठचा आकडा काढणे, असे दहा मिनिटे करतात. बघणाऱ्याला गंमत वाटते, पण त्यामागे गवंड्याची जुनी युक्ती आहे. पाणसळीचा बुडबुडा सरकलेला दिसला तर दोष भिंतीत आहे की पाणसळीत? गवंडी पाणसळ उलटी फिरवून ठेवतो. बुडबुडा दुसऱ्या टोकाला गेला तर दोष पाणसळीचा. उभ्या गाडीत कल आणि पासंग एकसारखेच दिसतात. गाडी वळली, तिने वेग बदलला, की दोघे वेगळे होतात आणि यंत्र पासंग शोधून काढते. सरळ रस्त्यावर एकाच वेगाने कितीही चालवले तरी हे साधत नाही.

घाटात, झाडाखाली आणि पुलाखाली

आता खरी कसोटी. सिल्लेवानीच्या घाटात एका बाजूला डोंगर आणि वर झाडी. अर्धे आकाश झाकले जाते. उरलेल्या उपग्रहांचे काही संकेत कड्यावर आपटून, प्रतिध्वनीसारखे उशिरा येतात. रेल्वेच्या पुलाखाली किंवा उंच मालमोटारींच्या मधोमध तर तपासनीस गैरहजरच. या काळात मुनिमाला एकट्याने वही सांभाळायची असते.

त्याला तीन आधार असतात. पहिला चाकाच्या फेऱ्यांचा. दुसरा साध्या सत्याचा : रस्त्यावरची गाडी बाजूला सरकत नाही आणि उडत नाही. पेटी जर म्हणाली की गाडी सेकंदाला अर्धा मीटर डावीकडे घसरते आहे, तर तो पासंग समजून यंत्र दुरुस्ती करते. तिसरा आधार थांबण्याचा. गाडी पूर्ण थांबली की वेग शून्य आहे हे निश्चित. जो काही वेग पेटी दाखवते तो सगळा दोष. म्हणून झाकलेल्या भागात शिरण्यापूर्वी आणि बाहेर पडल्यावर, सुरक्षित जागा पाहून, अर्धा-एक मिनिट गाडी उभी करण्याची शिस्त अनुभवी चालक पाळतात.

कार्यालयात परतल्यावर सगळी नोंद दोनदा गणितात घालतात : एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदा शेवटापासून पहिल्यापर्यंत. आकाश झाकलेल्या तुकड्यात पुढून जाताना चूक शेवटी जास्त असते, मागून येताना सुरुवातीला. दोघांचा योग्य मेळ घातला की सगळ्यात मोठी चूक मधोमध येते आणि तीही बरीच लहान होते. बोगदा दोन्ही तोंडांनी खणत आणावा तसे हे आहे. म्हणून गाडीची नोंद उघड्या आकाशाखाली सुरू करून उघड्या आकाशाखालीच संपवतात, दोन्ही टोकांना काही मिनिटे स्थिर उभे राहून. जमिनीवरील संदर्भासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर कायमस्वरूपी केंद्रांचे जाळे उभारले आहे. त्यांच्या नोंदी जोडल्या की उपग्रहांची मीटरातली चूक सेंटिमीटरांवर येते.

आणि सर्वांत शेवटी पडताळणी. रस्त्यालगतच्या काही खुणा, पुलाचा कोपरा, मैलाचा दगड, स्वतंत्र उपकरणाने आधीच मोजून ठेवतात. गाडीचा आकडा त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय अहवाल पूर्ण झाला असे मानू नये. यंत्र स्वतःच्या अचूकतेचा जो आकडा पडद्यावर दाखवते तो अंदाज असतो. अक्षाचे चिन्ह उलटे भरले असेल तरी ते आत्मविश्वासाने सेंटिमीटरच दाखवील.

आपल्या मातीतली मोजणी

अशी काटेकोर मोजणी आपल्या परिसराला नवी नाही. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ सुरू केलेली रेखांशाची महामोजणी ७८ व्या रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत आली. आपण साडेअठ्ठ्याहत्तर आणि एकोणऐंशीच्या मध्ये राहतो, म्हणजे ती आपल्या पश्चिमेला फार लांब नव्हती. २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्बटन वारले आणि काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे गेले. त्यांचे मुख्य कोनमापक यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. तंजावरला देवळाच्या गोपुरावर चढवताना ते आपटून बिघडले तेव्हा लॅम्बटन यांनी काम पुढे रेटण्याऐवजी ते आठवडेच्या आठवडे बसून दुरुस्त केले. पायथ्याशी चूक राहिली तर शेकडो मैल पुढे ती वाढत जाईल, हे त्यांना ठाऊक होते.

आजच्या पेटीचे गणित वेगळे असले तरी नियम तोच आहे. मोजणीपूर्वीच्या दोन तासांत, टेप धरताना आणि बाण पाहताना राहिलेली चूक नंतरच्या कोणत्याही संगणकाने पूर्ण निघत नाही. बाहेरून मात्र ती दिसत नाही. अहवाल देखणा असतो, नकाशा रंगीत असतो आणि रस्त्यावरचे धोक्याचे वळण ‘ठीक’ या रकान्यात पडलेले असते. रात्री त्या वळणावर दुचाकीवरून येणाऱ्या मुलाला अहवालाची कल्पना नसते.

आपल्या घरांतील कितीतरी मुलेमुली आज पदविका किंवा आय.टी.आय. करून नागपूर-पुण्याकडे सर्वेक्षणाच्या, वाहनचाचणीच्या आणि ड्रोनच्या कामांत जात आहेत. त्यांना संगणकावरचे काम शिकवणारे पुष्कळ भेटतील. ओळंबा सोडून अंतर दोनदा मोजण्याची, चढावर गाडी उभी करून चिन्ह तपासण्याची आणि जुळत नाही तर ‘जुळत नाही’ असे लिहिण्याची सवय मात्र घरातूनही लागू शकते. आणि तुम्ही नागरिक म्हणून ग्रामसभेत वा नगरपालिकेत रस्त्याच्या पाहणीचा आकडा ऐकाल तेव्हा तीन प्रश्न अवश्य विचारा : हे केव्हा मोजले, जमिनीवरील कोणत्या खुणेशी ताडून पाहिले, आणि किती फरक आला? ज्याने काम नीट केले असेल त्याच्या वहीत तिन्ही उत्तरे लिहिलेली असतील, आणि ती दाखवायला त्याला आनंदच वाटेल.